पगाराला टोपी

आमच्या हॉटेलच्या लॉन्ड्री मॅनेजरना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका अरब पाहुण्याच्या कंदुऱ्याची बाही हुंगत होते. पायघोळ पांढरा कंदुरा पाहुण्याच्या अंगावर नव्हता, हँगरवर होता, एवढंच त्यातल्या त्यात बरं. अल ऐनच्या त्या हॉटेलात पर्चेस डिपार्टमेंटला माझा पहिला दिवस होता आणि एचआरची बाई मला सगळे विभाग दाखवत फिरवत होती.

"सेंट गेला, घाम ऱ्हायला," डोळे मिटूनच ते म्हणाले. "परत मशीनला टाक."

मग डोळे उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पुण्याचा काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"शर्टाला घरी इस्त्री केलीस. मागची बाजू सोडून दिलीस. कोट घालणार म्हणून. हॉकी खेळतोस?"

"नाही."

"इंग्लिश पत्र लिहिता येतं?"

"येतं की."

"मग तू सेक्रेटरी," असं म्हणून ते दुसरा कंदुरा हुंगायला वळले.

मी हॉटेलच्या हॉकी टीमचा सेक्रेटरी झालो होतो, हे मला दोन दिवसांनी कळलं. पुढची सात वर्षं मी त्या पदावर होतो, आणि हॉकीतलं मला अजूनही फारसं कळत नाही.

सगळे त्यांना अंकल म्हणत. मूळचे वसईचे. बायको तिकडेच, शाळेत शिक्षिका. हे इकडे स्टाफ क्वार्टर्समध्ये एकटे, बावीस वर्षं. जग त्यांना कपड्यांतून दिसायचं. जनरल मॅनेजरचं घरी भांडण झालं की ते अंकलना सर्वांत आधी कळे, कारण त्याचे शर्ट घरून न येता थेट हॉटेलच्या खोलीतून येत. माझं लग्न होऊन बायको अल ऐनला आली तेव्हा आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. त्यांनी आधी टेबलक्लॉथचा कोपरा उलटून पाहिला, मान हलवली आणि मगच बसले. बायको पुढे महिनाभर कुणी येणार म्हटलं की टेबलक्लॉथ काढून ठेवायची. पुढे आमची मुलगी बोलायला लागली आणि त्यांना विचारायची, "अंकल, व्हाय इज युअर टीम ऑल्वेज लास्ट?" त्यावर ते अत्यंत गंभीरपणे सांगत, "लास्ट नाय बाळा. सातवा. लास्ट म्हणजे आठवा."

आम्ही खेळायचो त्या लीगमध्ये संघ आठच होते. दुबईचे चार, शारजाचे दोन, अबू धाबीचा एक आणि आमचा अल ऐनचा. सगळे कंपन्यांचे. आमच्यात दोन वसईचे वेटर, मेंटेनन्सचा एक इंजिनिअर, तीन ड्रायव्हर, गोलकीपर म्हणून बॅन्क्वेटचा डॉमनिक, असे लोक होते. सोळा नावं भरावी लागत. आमची पंधराच व्हायची, म्हणून सोळावं नाव दर वर्षी अंकल स्वतःचं घालत. शुक्रवारी तिकडे सुट्टी, तेव्हा सकाळी लॉन्ड्रीच्या व्हॅनमधून आम्ही दुबईला जायचो. व्हॅनला स्टार्चचा वास, खेळाडू धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगांवर बसलेले. दोन तासांनी उतरायचो तेव्हा आमच्या जर्सी इतक्या पांढऱ्याशुभ्र आणि कडक असायच्या की समोरचा संघ क्षणभर घाबरायचा. मग खेळ सुरू व्हायचा आणि त्यांची भीती जायची.

आमच्याकडे खरा खेळाडू एकच होता. तन्वीर. फैसलाबादजवळच्या गावचा, हॉटेलच्या स्विमिंग पूलवर टॉवेल वाटायच्या कामाला. पगार बाराशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे तेरा-चौदा हजार रुपये. तो सेंटर फॉरवर्ड खेळायचा. त्याच्या स्टिकवर बॉल आला की मलासुद्धा कळायचं की आता काहीतरी होणार. अंकलनी त्याला पूलवरच हेरला होता. टॉवेलचा बोळा कुणीतरी पायाशी फेकला तर तो पायानंच अलगद उचलून टोपलीत टाकतो, हे पाहून.

दोन हजार आठच्या आधीची दोन-तीन वर्षं म्हणजे दुबईत पैशाला ऊत आला होता. कुणाला कशाचीही हौस येत होती. तशी एका बिल्डर कंपनीला हॉकीची आली. आमच्या लीगमधला एक संघ त्यांनी विकत घेतला, मैदानावर दिवे लावले, ढोलवाले आणले, लकी ड्रॉमध्ये सोन्याचं नाणं ठेवलं. जिथे आमच्या बायका-पोरं धरून तीस माणसं यायची, तिथे उभं राहायला जागा मिळेना. सरबताच्या बाटल्या करणाऱ्या कंपनीनं सगळ्या लीगला स्पॉन्सर केलं. अंकल हरखून गेले. "बघ सेक्रेटरी," ते गर्दीकडे हात करून म्हणाले, "आपल्या हॉकीला दिवस आले."

आणि त्याच आठवड्यात तन्वीर गेला.

बिल्डरचा एक मार्केटिंग मॅनेजर होता, मेहरा नावाचा. हातात दोन मोबाइल, वाक्याच्या शेवटी 'हबीबी'. त्यानं तन्वीरला पाच हजार दिरहम देऊ केले. शिवाय दुबईत अल नहदाला दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको-मुलाला आणायचा व्हिसा. तन्वीर लॉन्ड्रीत येऊन खाली मान घालून उभा राहिला. अंकलनी हात पुढे केला. त्याचा पूलवरचा युनिफॉर्म परत घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "एक बटन गया है।" मग स्वतः सुई-दोरा घेऊन ते बटण लावत बसले. ज्या माणसानं तो शर्ट आता पुन्हा घालायचा नव्हता, त्याच्या शर्टाचं. तन्वीर तेवढा वेळ उभाच.

पुढच्या शुक्रवारी बिल्डरच्या संघानं आमच्यावर नऊ गोल केले. चार तन्वीरचे. पुढच्या महिन्यात अबू धाबीवर आठ. हळूहळू ढोलवाले सोडून बाकीचे लोक यायचे बंद झाले. सरबतवाला घाबरला, आणि अंकलनी मला पत्र लिहायला बसवलं. विषय: पगाराला टोपी.

"अंकल, मराठीत टोपी घालणं म्हणजे फसवणं," मी म्हटलं.

"मग इंग्लिशमध्ये काय म्हणतात?"

"सॅलरी कॅप."

"तेच तर मी म्हणतोय. टोपी."

लीगची सभा दुबईच्या करामा भागातल्या एका साउथ इंडियन हॉटेलच्या माडीवर भरली. मेहरा म्हणाला, "अंकल, जिसके पास पैसा है वो खर्च करेगा. इसमें प्रॉब्लेम क्या है, हबीबी?"

अंकल उठले. समोरचा रिकामा स्टीलचा ग्लास घेतला आणि टेबलावरचे कागदी रुमाल एकेक करून त्यात कोंबायला लागले. दहा, पंधरा, वीस. वेटर धावत आला. सगळे बघत होते. रुमाल आणखी मावेनात तेव्हा अंकलनी वरून पाणी ओतलं, लगेच ग्लास उलटा केला, गोळा बाहेर काढला आणि मधोमध फोडला. आतले रुमाल कोरडे होते.

"ये आपका टीम है," ते मेहराला म्हणाले. "पच्चीस किलो की मशीन में चालीस किलो डाला. बाहरवाला गीला होता है, अंदरवाला सूखा. आपके पास चार सेंटर फॉरवर्ड हैं. तीन बेंच पे सड़ रहे हैं. इधर मेरे पास एक भी नहीं. नौ-शून्य की मॅच कौन देखेगा? आपके कॅप्टन की बीवी हाफटाइम में शॉपिंग को जाती है, मैंने खुद देखा।"

कॅप्टन तिथेच बसला होता. त्यानं मान खाली घातली.

नियम पाच विरुद्ध तीन मतांनी पास झाला. सोळा खेळाडूंवर मिळून महिन्याला चाळीस हजार दिरहम, त्याच्या वर एक पैसा नाही. त्याला जोडून अंकलनी रागारागानं आणखी एक कलम घातलं होतं: जास्त पैशासाठी गेलेल्या खेळाडूला जुन्या संघात परत यायचं असेल, तर त्यानं दोन सीझन बाहेर बसायचं. हे कलम कोणासाठी आहे ते मला टाइप करतानाच कळलं होतं. मी विचारलंसुद्धा, "हे हवंच का?" तर म्हणाले, "कॉमा नीट दे."

तपासणी समितीचे अध्यक्षही अंकलच झाले, कारण दुसऱ्या कुणाला ते काम नको होतं. पहिली तपासणी तन्वीरच्याच घरी. अल नहदाच्या चौदाव्या मजल्यावर त्याच्या बायकोनं, रुबीनानं, दार उघडलं. तन्वीर सरावाला गेला होता. तिनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, चहा केला, शेवया केल्या. अंकलनी एक घोट घेतला आणि "माफ करना बेटी, ड्यूटी है," म्हणून उठले. पडद्याचं कापड चुरगळून पाहिलं. मग बेडरूमच्या दारातून हात लांब करून चादरीचा कोपरा दोन बोटांत धरला.

"लिही," ते मला म्हणाले. "इजिप्शियन कॉटन. आमच्या हॉटेलात फक्त सुइटला असते. पाच हजारवाल्याच्या घरात ही चादर बसत नाय."

रुबीना बिचारी सरळ होती. तिनंच कपाटातून एक कागद काढून आणला. "अंकल, ये ज़रा पढ़ के बताइए. हर महीने मेरे नाम से भी चार हज़ार आते हैं. लिखा है मैं इंटीरियर कन्सल्टंट हूँ. मैं तो आठवीं तक पढ़ी हूँ. मुझे कुछ करना तो नहीं पड़ेगा ना?"

अंकलनी तो कागद वाचला, घडी करून तिला परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावर एकाच वेळी चोर पकडल्याचा आनंद होता आणि त्या बाईच्या शेवया खाल्ल्याची लाज. लिफ्टमध्ये ते एवढंच म्हणाले, "शेवया चांगल्या होत्या रे."

रिपोर्ट मात्र दिला. बिल्डरला पाच हजारांचा दंड झाला. मेहरानं तो सभेतच, हसत हसत, रोख टेबलावर ठेवला आणि त्यावर आणखी पाच हजार ठेवले. "अंकल, अगले महीने का भी ले लो. बार-बार चौदह मंज़िल चढ़ोगे क्या?"

सगळे हसले. आपण काढलेली टोपी आपल्यालाच घातली गेली, हे अंकलना त्या दिवशी कळलं असावं. परतीच्या व्हॅनमध्ये ते ओझ्यासारखे टॉवेलांत बसून होते.

मग ते वर्ष संपता संपता सगळंच कोसळलं. क्रेन होत्या तिथे उभ्या राहिल्या. आमच्या हॉटेलात ज्या हॉलला महिनाभर आधी नंबर लावावा लागे, तिथे मी एकदा संध्याकाळी दोन वेटरना कॅरम खेळताना पाहिलं. सरबतवाला गेला, दिवे गेले. एका रविवारी सकाळी बिल्डरच्या संघातले लोक ऑफिसला गेले तर दाराला कुलूप आणि मेहराचे दोन्ही मोबाइल बंद. आठातले चार संघ उरले. त्या चारांत आम्ही होतो, कारण आमच्यावर कुणी खर्चच करत नव्हतं, तर थांबवणार काय?

दोन आठवड्यांनी तन्वीर बसनं अल ऐनला आला. मी तेव्हा लॉन्ड्रीतच होतो, साबणाच्या पावडरचा हिशेब जुळवत. त्याच्या अंगात बिल्डरचा नक्षीदार मोनोग्रामवाला ब्लेझर होता. बहुधा तेवढाच चांगला कपडा उरला असावा.

"अंकल," तो म्हणाला, "व्हिसा कॅन्सल हो गया. तीस दिन थे, सोलह बचे हैं. रुबीना को अभी बताया नहीं."

"क्या नहीं बताया?"

"कि घर जाना पड़ेगा. बच्चे का स्कूल अभी शुरू हुआ है."

अंकलनी त्याला खुर्ची दिली. "इस्त्री आती है?"

"नहीं."

"सीखेगा?"

"सीखूँगा."

आमचा एक इस्त्रीवाला महिनाभरापूर्वी गावी गेला होता. ती जागा भरायची नाही असा जनरल मॅनेजरचा हुकूम होता. मंदीत सगळ्याच जागा गोठवल्या होत्या. अंकल वर गेले. काय बोलले कोण जाणे. पाऊण तासानं उतरले तेव्हा त्यांच्या हातात सहीचा कागद होता आणि कान लाल झाले होते. पगार चौदाशे दिरहम. रुबीना आणि मुलगा एका नातेवाइकाकडे शारजात राहिले, मुलाची शाळा वाचली.

बातमी हॉटेलभर पसरली. डॉमनिकनं किचनमधून केक पैदा केला. "तन्वीर आला! आता आपण जिंकणार!" शुक्रवारची टीम लिहून घ्यायला मी अंकलकडे गेलो. तन्वीरचं नाव नव्हतं.

"विसरलात," मी म्हटलं.

"विसरलो नाय. दोन सीझन."

मला आधी गंमत वाटली, मग राग आला. "अहो अंकल, ते कलम तुम्ही रागात घातलंत. बिल्डर उरला नाही, मेहरा पळाला. कमिटी म्हणजे आता चार माणसं, त्यातले अध्यक्ष तुम्ही. शारजावाल्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, आमची हरकत नाही म्हणून."

ते इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते. बराच वेळ एका उशीच्या अभ्र्याच्या घड्या करत राहिले.

"बस," ते म्हणाले. "वर मॅनेजरनं मला काय विचारलं माहीत हाय? 'हॉकीसाठी माणूस आणतोयस का?' मी म्हटलं, नाय, इस्त्रीसाठी. आता शुक्रवारी हा खेळला तर मी खोटा पडलो. ते सोड. त्या बिल्डरकडे ह्याची नोकरी हॉकीला टांगलेली होती. हॉकी पडली, नोकरी पडली, पोराची शाळा पडली. माझ्याकडे हा इस्त्रीवाला हाय. उद्या आपली टीम बंद झाली, ह्याचा गुडघा गेला, तरी इस्त्री हाय. कळलं? दोन वर्षं त्याला नुसता इस्त्रीवाला राहू दे. मग बघू."

"आणि आपण हरत राहायचं?"

"आपल्याला सवय हाय."

मी यादी तशीच खिशात घातली.

तन्वीरला त्यांनी हे काय आणि कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. तो व्हॅनमधून यायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा आणि मॅच सुरू झाली की रेषेच्या कडेनं, आत न जाता, पूर्ण मैदानभर धावायचा. पंजाबीत ओरडत. आमचे वेटर म्हणायचे, समोरच्या संघापेक्षा ह्याचीच भीती वाटते.

दुसऱ्या सीझनची शेवटची मॅच शारजाच्या ॲल्युमिनियम कंपनीशी होती. आमचे दोन जण सुट्टीवर गावी, दोघांना ताप, एकाची ड्यूटी बदललेली. मैदानावर पोचलो तेव्हा आम्ही मोजून दहा. तन्वीर अकरावा, बाटल्या घेऊन उभा. त्यांचा कॅप्टन स्वतः चालत आला. "अंकल, खिला लो यार इसको. दस के साथ हमें भी मज़ा नहीं आएगा।"

अंकलनी यादी मागितली. सोळाव्या नावावर बोट ठेवलं. मग त्यांनी फुलपँट गुडघ्यापर्यंत दुमडली, दोन्ही बाजूंना सारखी, घडी न मोडता, आणि तन्वीरची स्टिक मागून घेऊन डाव्या टोकाला जाऊन उभे राहिले. वय सत्तावन्न.

पहिला अर्धा तास त्यांच्याकडे काही आलंच नाही. मग कुठूनसा एक बॉल घरंगळत आला. त्यांनी तो व्यवस्थित अडवला. आता द्यावा कुणाला म्हणून सावकाश इकडेतिकडे पाहायला लागले. तेवढ्यात ॲल्युमिनियमचे चार जण भोवती जमले. पण बॉल काढून घ्यायचं कुणाला धाडस होईना.  शेवटी त्यांचा कॅप्टनच हळूच म्हणाला, "अंकल, पास कर दीजिए।" अंकलनी मान डोलावली आणि अत्यंत सुबक पास दिला. त्यालाच.

आम्ही सहा-एकनं हरलो. व्हॅनमध्ये अंकलच्या नडगीवर बर्फ धरून तन्वीर बसला होता. तो इतका हसत होता की बर्फ सारखा घसरत होता. आणि मग एकदम त्याचं हसणं थांबलं आणि त्यानं तोंड वळवून खिडकीबाहेर पाहिलं. अंकलनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

तिसऱ्या सीझनची पहिली मॅच अल ऐनलाच होती, युनिव्हर्सिटीच्या बाजूच्या मैदानावर. यादीत तन्वीरचं नाव पहिलं. पण गुरुवारी तो उतरलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे आला. शुक्रवारी हॉटेलात दोन लग्नं होती, आणि चारशे टेबलक्लॉथ इस्त्री व्हायचे होते. त्यानं सुट्टी मागितली होती.

"आणि?"

"अंकल बोले, नहीं मिलेगी. इस्त्रीवाला एक ही है।"

मी तावातावानं लॉन्ड्रीत गेलो. दोन वर्षं माणसाला बसवून ठेवलं आणि आता हे! अंकल शांतपणे बाह्या दुमडत होते.

"सुट्टी नाय देता येत," ते म्हणाले. "ड्यूटी बदलून देता येते. त्याची ड्यूटी मी करणार. पण एक काम कर. तिथून फोन लाव आणि बंद करू नको."

इतक्या वर्षांत लीगची एकही मॅच न चुकवलेला माणूस त्या शुक्रवारी इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहिला, आणि मी, ज्याला हॉकी कळत नाही, मैदानाच्या कडेला उभा राहून फोनवर वर्णन करत होतो. "आता बॉल त्या निळ्या कपड्यांवाल्याकडे आहे. आता पडला. बॉल नाही, माणूस पडला." पलीकडून वाफेचा फुस्स आवाज आणि अंकलच्या शिव्या. तन्वीर आधी जरा जड वाटला. वजन वाढलं होतं, इस्त्रीवाल्याचे खांदे झाले होते. पण दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या स्टिकवर बॉल चिकटला तो चिकटलाच. एक गोल. मग दुसरा. मी फोनमध्ये नुसता ओरडलो, काय ओरडलो ते मला आठवत नाही. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

आम्ही तीन-दोननं जिंकलो. बक्षीस नव्हतं, गर्दी नव्हती. सगळे हॉटेलात परतलो. तन्वीर कपडे न बदलता, घामानं निथळत, थेट लॉन्ड्रीत धावला. त्याच्या मागे आम्ही.

अंकल टेबलापाशी उभे होते. बाजूला इस्त्री झालेल्या टेबलक्लॉथचा उंच, सरळ गठ्ठा. समोर मात्र एकच टेबलक्लॉथ पसरलेला. त्याच्या बरोबर मध्यावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग होता, कडा काळ्या पडलेल्या. लॉन्ड्रीच्या नुकसानीच्या फॉर्मवर ते मान खाली घालून स्वतःचंच नाव लिहीत होते.

तन्वीरनं डागावर हात ठेवला. तो अजून गरम असावा, त्यानं हात झटकन मागे घेतला.

"अंकल, आपसे? ये कैसे हो गया?"

"ये?" अंकलनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ये तेरा दूसरा गोल है।"